पहिली सोनकी

माशी पेटीच्या दारात उतरली आणि मी हातातली शेणाची पाटी तिथेच टाकून चिखलात गुडघे टेकले. तिच्या मागच्या दोन्ही पायांना परागाच्या गोळ्या चिकटल्या होत्या. पिवळ्याधमक, थोड्या केशरीकडे झुकलेल्या. ती आत शिरली, तिच्या मागून दुसरी आली, तिच्याही पायाला तेच. मी तिसरीची वाट बघत तशीच बसून राहिले.

तो पिवळा सोनकीचा होता. तीन वर्षं मी पेट्यांपुढे बसून हेच तर शिकले होते. माशीच्या पायाचा रंग बघायचा आणि रानात काय फुललंय ते सांगायचं.

पण सोनकी होती कुठे? आमच्या घाटमाथ्यावर गौरी-गणपतीच्या सुमाराला सगळे कातळाचे सडे सोनकीने पिवळे होतात. वीत-दीड वीत उंचीचं रानटी रोप, ते कोणी लावत नाही की त्याला कोणी पाणी घालत नाही. खडकावर मूठभर माती असली तरी त्याला पुरते. त्या वर्षी मात्र गौरी जेवून परत गेल्या तरी पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. सड्यावर नुसतं गवत आणि धुकं. एक कळी कोणी पाहिली नव्हती.

आणि इकडे पेट्या उपाशी होत्या. पाच पेट्या होत्या आमच्या, सातेरी माशीच्या. पावसाळ्यात माशीला साखरेचा पाक पाजून जगवावं लागतं. आमची साखर संपली होती, आणि घाटात दरड कोसळल्यामुळे वाण्याचीही संपली होती. मी रोज पेटी उचलून बघायची. पेटी आदल्या दिवसापेक्षा हलकीच लागायची. उपाशी सातेरी फार दिवस वाट बघत नाही. एक दिवस राणीसकट सगळी वसाहत उठते आणि निघून जाते.

पेट्या माझ्या सासऱ्यांच्या, मामंजींच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तीन वर्षांपासून ते पेटीपाशी बसत आणि मला विचारत, “मालन, पायाला काय हाय?” मी सांगायची, पांढरं आहे, राखाडी आहे, काही नाही. त्यावरून ते पुढचं सगळं बोलत. सासूबाई नव्हत्या, आमचे हे मुंबईला गोदीत. घरात मी पाणी भरायची, शेण काढायची, भाकऱ्या थापायची, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. मलाही नसे. पेटीपाशी बसले की मात्र मी कुणाची सून आहे हे विसरून जायची. मला त्या पेट्या हव्या होत्या. दागिन्यासाठी कधी हट्ट केला नाही, पण त्या पेट्यांसाठी जीव तुटत होता.

हव्या तर बाजीरावभावजींनाही होत्या. ते आमच्या ह्यांचे चुलतभाऊ, त्यांचं घर आमच्या खालच्या अंगाला. मामंजींची नजर गेली तसे ते दर महिन्याला यायचे आणि पेट्या आता आपल्याला द्याव्यात असं सुचवायचे. त्यांच्या दोन-तीन रिकाम्या पेट्या परसात आधीच तयार होत्या. बाईमाणसाच्या हाती पेट्या दिल्या तर भावकी हसेल, असंही वर ऐकवायचे. शेवटी डोळ्यांच्या शिबिराची जीप मामंजींना वाईला न्यायला आली, त्या सकाळी मामंजींनी अंगणात काठी टेकली आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं.

“आठ दिसांनी मी येतो,” ते म्हणाले. “पाचीच्या पाची पेट्या जित्या असल्या तर त्या मालनच्या. एक जरी कमी झाली तर बाजा, तू घिऊन जा सगळ्या. पुन्ना त्यावर बोलणं न्हाय.”

मामंजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. जीप गेली आणि दुसऱ्याच दिवशी दरड कोसळली. साखर गेली. आणि चौथ्या दिवशी ही पिवळ्या पायांची माशी.

मी उठून तिची दिशा बघायला लागले. माशी भरल्या पायांनी सरळ घरी येते, वाटेत रेंगाळत नाही. सगळ्या जणी वरून, कड्याच्या बाजूने येत होत्या. पण येत होत्या फक्त पहिल्या पेटीतल्या, जी सगळ्यांत जोमदार होती. बाकीच्या चार पेट्यांमधल्या माश्या दारात गप्प बसून होत्या. त्यांच्या अंगात तेवढी चढण चढायचं बळच राहिलं नव्हतं.

तेवढ्यात ठकूबाई ताक देऊन परत निघाली होती. ती वरच्या धनगरवाड्यावरची, साठीची, पण चालायला लागली की तरण्याताठ्यांना दम लावणारी. मी तिला सोनकीचं विचारलं. सड्यावर एक फूल नाही म्हणाली. मग मी तिला माशी दाखवली. तिने डोळ्यांवर हात धरून कड्याकडे पाहिलं.

“कड्याच्या पोटात एक पट्टी हाय,” मग म्हणाली. “शेरडू अडाकलं व्हतं तवा गेल्ते. तितं वारं लागत न्हाय, धुकं बी वरनंच जातं. चल, बगू तरी.”

मी घराला कडी घातली आणि निघाले. पाऊण तास आम्ही चढत होतो. शेवटचा भाग तर हातापायांनी चढलो. करवंदीच्या जाळीतून वाकून बाहेर आलो, आणि मी तोंडावर हात ठेवला.

अख्खी पट्टी पिवळी झाली होती. कड्याच्या पोटात, एखाद्या लांबलचक ओसरीएवढी जागा, आणि तिच्यावर पाऊल ठेवायला जागा नाही इतकी सोनकी. प्रत्येक फुलावर थेंब, आणि त्यातल्या कितीतरी फुलांवर माझ्या पहिल्या पेटीतल्या माश्या. मी हसत होते की रडत होते मला कळत नव्हतं. ठकूबाईला मिठी मारली. तिने मला बाजूला केलं आणि पाय घसरेल तुझा, म्हणून दटावलं.

तिथेच माझं डोकं चालायला लागलं. माश्यांना इथवर येता येत नाही ना, मग पेट्याच इथे आणायच्या. आणायच्या म्हणजे आणायच्याच, उद्याच. ठकूबाई म्हणाली, म्हाताऱ्याला येऊ दे. मी म्हटलं, म्हातारा येईपर्यंत काही उरणार नाही. मग तीच म्हणाली, “दोन म्या घेते डोक्यावर. तीन तुज्या.”

संध्याकाळी माशी आत शिरली तशी मी पाचही दारांत गवताचे बोळे घातले. पहाटे झुंजूमुंजू व्हायच्या आत आम्ही निघालो. पेटी चुंबळीवर घेऊन तो चढ चढणं काय असतं ते माझ्या मानेला अजून आठवतं. शेवटच्या भागात ती डोक्यावरून उतरवून एकीने वरून ओढायची, दुसरीने खालून रेटायची. आत माशी गुणगुणत होती आणि मी तिला सांगत होते, थांब बाई, थोडीच राहिली. पाचवी पेटी मी वर ठेवली तेव्हा ऊन पडलं होतं. ऊन! किती दिवसांनी. मी एकेक बोळा काढला.

ते बघायला मामंजी हवे होते. माश्या दारातून अशा सुटल्या की दार दिसेना. ज्या चार दिवस हलल्या नव्हत्या त्या हातभर उडून फुलावर, फुलावरून घरात. अर्ध्या तासात प्रत्येक दारात पिवळे पाय. मी पेट्यांपुढे दगडावर बसले आणि मोठमोठ्याने बोलत होते, पायाला काय आहे, पिवळं आहे, पायाला काय आहे, पिवळं आहे. ठकूबाईने मला वेड्यात काढलं आणि शेरडांकडे निघून गेली.

दुपार झाली आणि पेट्यांपुढची गर्दी विरळ व्हायला लागली.

आधी मला वाटलं, लांब जात असतील. मग वाटलं, ऊन चढलं म्हणून. फुलांवर माशी होती, पायांना पिवळं होतं, पण ती पेटीत येत नव्हती. मी एकीवर नजर ठेवली. ती फुलावरून उठली, एक घिरटी घेतली आणि सरळ कड्यावरून खाली गेली. दुसरीही खालीच गेली. सगळ्या भरल्या पायांनी, एका रेषेत, आमच्या घराच्या दिशेने.

तेव्हा मला मामंजींचं बोलणं आठवलं. पहिल्याच वर्षी त्यांनी शिकवलं होतं. पेटी हलवायची तर हातभर हलवावी, नाहीतर पार दोन कोस लांब न्यावी. मधल्या अंतरावर कधी नेऊ नये, कारण ओळखीचा मुलूख दिसला की माशी जुन्या जागेवर परत जाते. घरटं हललंय हे तिला कळत नाही. हे मला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण पिवळं बघितलं आणि मी सगळं विसरले.

मी कशी खाली आले ते आठवत नाही. कोपर सोलवटलं होतं, लुगडं करवंदीत फाटलं होतं. आमच्या परसात दगड रचून पेट्यांसाठी केलेले पाच कट्टे होते, आणि पाचही कट्ट्यांवर उघड्यावर माश्यांचे घड लोंबत होते. वर राणी होती, पिल्लं होती, मध होता, पण बाहेर जाणारी माशी नव्हती. खाली माशी होती, आणि तिला ना राणी ना छप्पर. तिच्या पायांना सोनकी तशीच चिकटलेली. ती कुणाला द्यायची हे तिला कळत नव्हतं.

आणि बाजीरावभावजी डोक्यावर रिकामी पेटी घेऊन आमच्या परसात येत होते.

त्यांनी पेटी खाली ठेवली, कट्ट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. “वैनी, माशीला घर कळतं. मालकिणीलाच कळंना.”

त्यांचं खोटं थोडंच होतं.

मग त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. पश्चिमेकडून काळं चढत होतं. उघड्यावरची माशी एका सरीत मरेल, म्हणाले. मी पेटीत भरून घेतो, निदान जगेल तरी. त्यात तथ्य होतं, हीच तर अडचण होती. माशी त्यांच्या पेटीत शिरली की वरच्या माझ्या पेट्या चार दिवसांत बसणार होत्या. बाहेरून आणणारंच कोणी नसेल तर राणी काय खाणार?

“हात लावू नका,” मी म्हणाले.

“मग मरू देतीस?”

“मरू देत नाही. पण हात लावू नका, भावजी. आठ दिवस अजून व्हायचेत.”

माझा आवाज असा निघाला की मलाच नवल वाटलं. दिराशी मी तोवर मान वर करून बोलले नव्हते. ते उभेच राहिले. मी घरात धावले. पेट्या सगळ्या वर, आता माशीवर काय घालायचं? चुलीमागे कोंबड्या झाकायचं डालगं दिसलं. शेणाने सारवलेलं, अंधारं. सातेरीला अंधारी पोकळी लागते, मग ती लाकडाची असो की बांबूची. एक डालगं घरात होतं, दोन शेजारून आणली, एक टोपली, एक फुटक्या काठाची पाटी. जुन्या पोळ्याचा एकेक तुकडा प्रत्येकात आतून बांधला आणि प्रत्येक घडावर एकेक अलगद पालथं घातलं. मला सात-आठ ठिकाणी डंख बसले. ते मी रात्री मोजले, तेव्हा कळलेसुद्धा नाहीत.

पहिली सर आली तेव्हा पाचवं डालगं खाली टेकत होतं. मी कान लावला. आत माशी वर चढत होती. बाजीरावभावजींनी आपली रिकामी पेटी उचलली आणि निघून गेले.

दिवस मावळायच्या आत ठकूबाई आली. डालग्यांना खालून फडकी बांधली. कुठलं डालगं कुठल्या कट्ट्यावरचं हे चुकू नये म्हणून प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी लावली, कारण परक्या पेटीत गेली तर माशी आपसात लढून मरते. वर नेऊन एकेक डालगं ज्याच्या त्याच्या पेटीपुढे झटकलं. थोडा वेळ माशी नुसती पसरली. मग दारातल्या एकीला आतला वास लागला. तिने शेपूट वर केलं, पंख फडफडवायला लागली, आणि बघता बघता सगळा जथा दारातून आत जायला लागला. ठकूबाईसुद्धा तोंडात बोट घालून बघत राहिली.

दारं बंद करून मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच ठेवली. उघडली तेव्हा प्रत्येक दारापुढे डहाळ्या टोचल्या. बाहेर पडताना माशीला काहीतरी बदललंय हे दिसलं की ती थबकते, वळते आणि नवी जागा डोळ्यांत भरून घेते. हेही मामंजींनीच शिकवलेलं. ते या वेळी वेळेवर आठवलं. माशी बाहेर आली, डहाळीपुढे डोलली, फुलावर गेली आणि परत वरच आली. मी संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाही.

सातव्या दिवशी दुपारी गेले तर तिसरी पेटी गप्प होती. झाकण उघडलं. पोळी तशीच, त्यांत थोडा नवा पिवळा पराग भरलेला, आणि माशी एकही नाही. वसाहत उठून गेली होती. दोनदा उचल-ठेव केली, कोंडलं, झटकलं, एवढं कोण सहन करतं? मी कड्याच्या टोकापर्यंत गेले, झाडं बघितली, कपारी बघितल्या. कुठे काही नाही. बाकीच्या चार पेट्या वजनाने जड लागत होत्या. त्यांच्यापाशी बसून मी पदरात तोंड घालून रडले. चार जगवल्या होत्या आणि पाचवीसाठी चारही जाणार होत्या.

आठव्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि मामंजी आले. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. वाकायचं नाही, चढायचं नाही, ऊन बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाजीरावभावजी त्यांना रस्त्यावरून हाताला धरून घेऊन आले. गेले दोन दिवस ते आमच्याकडे फिरकले नव्हते. आज येणारच होते.

मामंजी ओसरीवर टेकले. पाणी प्यायले. बाजीरावभावजींनी वाटेत काही सांगितलं असेल असं मला वाटत होतं, पण मामंजींनी मलाच विचारलं. मी सगळं सांगितलं, पिवळ्या पायापासून डालग्यांपर्यंत. माझी चूक सांगितली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. डालग्यांचं सांगितलं तेव्हा काठीवरची त्यांची बोटं हलत होती.

“मंग आता किती हायत?” त्यांनी विचारलं.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मामंजींना महिनाभर चढता येणार नव्हतं. ती पट्टी कुठे आहे हे भावजींना माहीत नव्हतं. ठकूबाई माझ्या बाजूची. महिन्याभरात एका पेटीच्या दोन करता येतात, तेवढं मला येत होतं. पाच म्हटलं असतं तर पाच झाल्या असत्या. पाच हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता.

पण तीन वर्षं त्या माणसाने मला विचारलं होतं, पायाला काय आहे, आणि मी दिसलं तेच सांगितलं होतं. काही नसलं तर काही नाही म्हटलं होतं. त्यांच्याकडे दुसरे डोळे नव्हते.

“चार,” मी म्हणाले. “चारच आहेत, मामंजी. पाचवी उठून गेली. माझ्यामुळे गेली.”

मामंजींनी पट्टी नसलेला डोळा मिटून घेतला. त्यांना वाईट वाटलं होतं हे मला दिसत होतं, पण शब्द देऊन बसले होते.

“मंग बाजा,” ते हळू आवाजात म्हणाले, “माजा शबुद हाय. पेट्या तुज्या. हिच्यासंगं जा आन् उतरवून घे.”

मी भिंतीला टेकले. आता रडायचं नाही एवढंच स्वतःला बजावत होते. बाजीरावभावजी उठले. उठून तिथेच उभे राहिले. धोतराचा सोगा हातात धरला, सोडला. मामंजींनी पुन्हा विचारलं, ऐकलंस का, म्हणून.

“काका,” ते म्हणाले, “पाचवी माज्या परसात हाय.”

मला आधी कळलंच नाही.

“काल सकाळी वरनं आली. फणसाला घड धरला. म्या पेटीत घेतली.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “तिचीच हाय ते मला ठावं व्हतं. कड्यावरनंच आली ना. म्हनलं, गप बसावं. ही काय चार म्हनणार न्हाय, पाचच सांगंल, मंग मी वर जाऊन मोजीन आन् खोटी पाडीन. असं ठरवून आल्तो.” मग ते मामंजींकडे वळले. “ती जिती हाय, काका. चांगली हाय. पाच हायत.”

मग मामंजी हसायला लागले. डॉक्टरांनी हसू नका असंही बजावलं होतं बहुतेक, कारण पट्टीवर हात दाबून हसत होते. “पाच,” ते म्हणाले. “मालन, पाच झाल्या गं.”

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पेट्या माझ्या होत्या. मी जाऊन मामंजींच्या पाया पडले, आणि भावजींना काय म्हणावं ते सुचेना म्हणून चहा ठेवायला आत पळाले. तिथून मी ओरडून सांगितलं की पाचवी त्यांच्याकडेच राहू द्या, फणसाखाली तिला आवडलंय, आणि आता ती हलवली तर मामंजी माझे कान उपटतील. बाहेरून मामंजींचा पुन्हा हसण्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर निघाले तर बाजीरावभावजी दारात उभे. आंघोळ केलेली, पायात वहाणा नाहीत, हातात कोयता. पेट्या मागायला आलेला माणूस असा उभा राहत नाही. मी विचारलं, काय भावजी?

ते खाली बघत म्हणाले, “वैनी, ती सोनकी कुटं फुलतीया ते मला दावशील का?”

मी दारातली काठी त्यांच्या हातात दिली आणि पुढे झाले.